बेचाळीस इंची काळोख

पेंटर दुकानात शिरला तो पत्र्याचा तुकडा काखोटीला मारूनच. वीतभर पत्रा, त्यावर काळ्याकुळकुळीत रंगाचे तीन हात दिलेले. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. काहीही घ्यायला निघाला की रंगाचा नमुना बरोबर न्यायचा, मग वस्तू टीव्ही का असेना.

"आतल्या खोलीसाठी टीव्ही हवाय," तो विक्रेत्याला म्हणाला. "लहान, पण दुकानातला सगळ्यात चांगला."

विक्रेत्याने लगेच पासष्ट इंचीकडे हात केला. "काका, याच किमतीत हा येतो. लहान घेऊन काय करणार?"

"उशीपासून भिंतीपर्यंत सहा फूट जागा आहे. आणि मोठा बाहेरच्या खोलीत आहेच. मेव्हण्याने स्वस्तात मिळतोय म्हणून गळ्यात मारलेला."

आतली खोली लेकीची, हे त्याने सांगितलं नाही. लेक कॅमेरा चालवते, दूरच्या शहरात राहते. तीन वर्षांपूर्वी तिने आपली पहिली फिल्म घरी आणली होती. अकरा मिनिटांची, बापाच्या पाट्यांच्या शेडवरच काढलेली. मेव्हणा, शेजारीपाजारी, सगळे त्या मोठ्या टीव्हीसमोर दाटीवाटीने बसले होते. सातव्या मिनिटाला पडदा काळा झाला आणि चांगला मिनिटभर काळाच राहिला. तेव्हा या शहाण्या पेंटरने चारचौघांत तोंड उघडलं. "रस्त्यापलीकडून वाचता येत नाही ती पाटी कसली? हिने तर नुसता काळ्याचा डबा ओतलाय." सगळे खो खो हसले. लेक हसली नाही.

दुसऱ्या दिवशी गेली ती गेलीच. फोन यायचा, पण आईला. शेवटी "बाबा बरे आहेत ना?" एवढं विचारायची. पेंटर तिथेच पेपर वाचल्याचं सोंग करत बसलेला असायचा, सगळा जीव कानात आणून. आपण होऊन नंबर लावायचा तर मेला हट्ट आडवा यायचा.

तिच्या खोलीत तिच्या तोलाचा टीव्ही लावला तर ती येईल, ही अक्कल त्याचीच. बायको म्हणाली होती, "अहो, ती काय टीव्हीसाठी येणार आहे? दोन शब्द बोला की तिच्याशी." शब्द सुचले असते तर हा पत्रा घेऊन कशाला वणवण करत फिरला असता?

"मला काळं दाखवा," तो विक्रेत्याला म्हणाला.

विक्रेत्याने एकेका टीव्हीवर कोरा काळा पडदा लावला. पेंटर पत्रा शेजारी धरायचा, डोळे बारीक करायचा आणि मान हलवायचा. "हा राखाडी आहे. याच्यात निळं मिसळलंय. हा तर धुतलेला कपडा." विक्रेता आधी गालातल्या गालात हसत होता, मग तोही वाकून बघायला लागला. कोपऱ्यातल्या बेचाळीस इंचीपाशी मात्र पत्रा कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो तेच कळेना.

पेंटरने खिशातून चिठ्ठी काढली. लेकीने नेटवर टाकलेल्या त्या फिल्मचं नाव बायकोने त्यावर लिहून दिलं होतं. "एवढी लावाल? आणि इथले दिवे मालवता आले तर बघा."

विक्रेत्याने त्या कोपऱ्यातले दिवे बंद केले. पेंटर बरोबर सहा फुटांवर उभा राहिला.

सातवं मिनिट आलं. शेडमधला दिवा गेला, पण पडदा नुसता काळा झाला नाही. त्या काळ्यात आणखी काळं होतं, त्याच्या आत तपकिरी होतं, आणि तिथे एक वाकलेली पाठ हलत होती. ती त्याचीच पाठ होती. पाठ खुंटीपाशी गेली. खुंटीवर रंगाचे डाग पडलेला एक छोटासा ॲप्रन होता. लेक सहा-सात वर्षांची असताना तो घालून त्याच्याशेजारी ब्रश धुवायची. अंधारातल्या हाताने ॲप्रनची सुरकुती काढली, खिसा सारखा केला आणि थोडा वेळ हात तसाच ठेवला.

ती शिकायला गेल्यापासून शेड बंद करताना तो रोज हे करायचा. बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. लेकीने ते पाहिलं होतं, जपून टिपलं होतं, त्याला दाखवायला घरी आणलं होतं, आणि त्याने काय म्हणावं, तर डबा ओतलाय. पेंटर तिथल्याच एका खोक्यावर बसला आणि त्याने नंबर लावला.

"बाबा?" तिचा आवाज घाबरलेला होता. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सातव्या मिनिटाला तू कुठे होतीस?"

"दारात," ती म्हणाली.

"मला आज दिसलं, बाळा. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसलं नव्हतं." त्याने पत्रा मांडीवर ठेवला. "माझं चुकलं. ॲप्रन अजून तिथेच आहे."

तिने नाक ओढलं. "आज कुठे बघितलंत?"

"दुकानात. तुझ्या खोलीसाठी टीव्ही घेतोय. लहानच आहे. उद्या भिंतीला लावतील."

"उद्या नको," ती म्हणाली. "भिंतीला भोकं पाडू नका, बाबा. किती उंचीवर लावायचा ते मी येऊन सांगते."