पत्र्याची कड

वारज्याच्या त्या फ्लॅटमध्ये दीक्षाला आठवडाभर कोणी धड चालताना पाहिलं नव्हतं. बाई नाचतच होती. नाचेल नाही तर काय? आईबाबांच्या लग्नातला सागवानी पलंग मोडून तिने स्वतःच्या हाताने बाकडं केलं होतं, आणि हॉलमध्ये सोफा न आणता तेच ठेवायचं, असा तिचा हट्ट होता.

तिच्या आईने, जयाताईंनी, एकच अट घातली. "रविवारी घरी बुद्धवंदना आहे. मी पांढरी रेशमी साडी नेसून त्यावर बसणार. एक धागा जरी ओढला गेला, तरी बाकडं बाल्कनीत आणि सोफा हॉलमध्ये." जयाताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

रंधा मारून झाला होता, पण सागाच्या उलट्या रेषांत बारीक कुसळं राहिलीच होती. त्यावर इलाज म्हणजे स्क्रेपर, हातात मावेल असा पातळ पोलादी पत्रा. त्याची कड कानशीने सरळ करायची, दगडावर घासायची आणि मग तिच्यावरून पोलादी दांडी दाबून फिरवायची. कडेला एक बारीकसा आकडा वळतो, बोटाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असा. लाकूड कापतो तो हा आकडा. तो असला तर तलम साली निघतात, नसला तर नुसता भुसा.

दीक्षा हे व्हिडिओ बघून शिकली, आणि गंमत म्हणजे तिला जमलंही. पत्रा दोन्ही हातांत धरून, अंगठ्यांनी मधोमध जरा वाकवून तिने पुढे रेटला आणि पहिली साल सुळकन निघाली. ती साल कानात डुलासारखी अडकवून पोरगी ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला बसली.

पण पुढे काय झालं ते ऐका. रात्री कड लावून ठेवावी, तर सकाळी नुसता भुसा. पुन्हा कड लावावी, साली निघाव्यात, चहा पिऊन यावं, तर परत भुसा. शुक्रवारपर्यंत दीक्षाचं नाचणं थांबलं.

"बाबा, मला हे येतच नाहीये," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "बाल्कनीत जागा करा."

"येईल गं," भीमराव मायेने म्हणाले. "तू चहा घे. मी बघतो इथलं."

शनिवारी ती चहा अर्धवट टाकून परत आली. बघते तर काय, भीमराव नाकावर चष्मा ठेवून, जीभ दातांत धरून तो पत्रा पॉलिश पेपरने घासताहेत.

"बाबा, काय करताय?"

"अगं, कड किती खरखरीत ठेवतेस. बोट कापलं असतं तुझं. मी रोज गुळगुळीत करून ठेवतो, तुला सांगत नाही इतकंच."

दीक्षा भुशातच बसली आणि पोट धरून हसत सुटली. काय झालं ते कळल्यावर भीमराव आधी ओशाळले, मग तेही हसत सुटले. त्यांनी पॉलिश पेपर खिशात घातला आणि वर हात करून शरण आल्याचं दाखवलं. मग तिने कड लावली आणि बापलेकीने आळीपाळीने बाकडं खरवडलं. अंगठे तापले की पत्रा दुसऱ्याच्या हातात. सालींचा ढीग सोफ्याच्या जागेवर साचला.

रविवारी वंदना झाली. पाहुण्यांसमोर जयाताई बाकड्यावर बसल्या, आणि बसल्या त्या मुद्दाम सरकत सरकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जयाताईंनी उठून पदर आणि निऱ्या उजेडात धरून पाहिल्या. एकही धागा ओढला गेला नव्हता. त्यांनी बाकड्यावर एकवार तळवा फिरवला. त्याच पलंगावर त्यांचा सगळा संसार झाला होता. मग त्या परत बसल्या.

"मग, बाल्कनीत ठेवू?" दीक्षाने मुद्दाम विचारलं.

"बाल्कनीत ऊन येतं," जयाताई म्हणाल्या. "मी उन्हात बसू का?"