कारण विचारायचं नाही

माझ्या पोटच्या पोरीला पाण्यानं भरलेल्या गुहेत शिरायची हौस कुठून लागली, देव जाणे. आमच्या घराण्यात कुणी विहिरीत वाकूनसुद्धा बघितलं नाही. पण अक्षया जन्मली बर्मिंगहॅमला, इथंच मोडकीतोडकी मराठी बोलत वाढली, इंजिनिअर झाली, आणि आता वीकेंड आला की सिलिंडर बांधून सॉमरसेटच्या डोंगराच्या पोटात जाते. मी घरी जीव मुठीत धरून बसते. ह्या खेपेला म्हटलं, मी येणार. बघू तरी, एवढं काय आहे तिथे! आणि बघून झालं की तिला हे खूळ सोडायला लावायचं, हेही ठरवूनच मी गाडीत बसले.

गाडीतल्या रस्ता दाखवणाऱ्या नव्या सॅटनॅवनं आम्हाला दोनदा चुकवून शेवटी एका फार्मवर आणून सोडलं. गुहेच्या तोंडाला लोखंडी दार, त्याला कुलूप, आणि चावी फार्मच्या मालकिणीच्या, मार्जरीच्या स्वयंपाकघरात. अक्षया आणि तिचा डायव्हिंगमधला जोडीदार कॉलिन सामान उतरवत होते, तेवढ्यात मी मार्जरीला गाठलं.

"चावी हरवली म्हणून सांगा ना," मी हळूच म्हटलं.

मार्जरी हसायलाच लागली. "अहो, पूर्वी कुलूप नव्हतं. समुद्रात चार बुड्या मारलेला एक मुलगा आत गेला, तो परत आलाच नाही. मग आम्ही दार कायमचं बंद केलं. तर लोक कुलूप तोडून चोरून जायला लागले. आत कोण आहे, हेच कळेना! आता गुहेच्या ट्रेनिंगचं कार्ड दाखवतात, किती वाजता बाहेर येणार ते सांगतात, मग चावी नेतात. नाही आले तर मी रेस्क्यूवाल्यांना फोन करते. आता तुम्हीच सांगा, कुठलं बरं?"

कप्पाळ माझं! दोघांनी कार्डं दाखवली, वेळ सांगितली, चावी गेली.

दारातून आत चिखल तुडवत गेलो, तर टॉर्चच्या उजेडात आमच्या बाथरूमएवढं काळं पाणी, पुढे खडकाखाली शिरलेलं. हे? ह्यासाठी एवढा खटाटोप? पण मला गप्प बसवत नाही. ही दोरी कशाला? आत गाळ उठला की स्वतःचा हातही दिसत नाही, दोरी धरून बाहेर यायचं. हवा किती? तीन भाग करायचे: एक जायला, एक यायला, एक अडचणीला.

"आणि पलीकडे काय आहे?"

अक्षयाचा चेहरा असा उजळला म्हणता! "ह्यूज गुहा आहे, आई. खूप मोठा. चार-पाच लोकांनीच बघितलाय. आणि मंडेपासून फार्म दुसऱ्याचा. नव्या ओनरला डायव्हर्स नकोत. सो, आजच."

खरं सांगते, भीती होतीच, पण मलाही वाटायला लागलं, काय असेल गं तिथे!

दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरले. कॉलिन थांबला. वीस वर्षं गुहांत काढलेला दांडगा गडी तो. म्हणाला, "आज नको."

"ओके," अक्षया म्हणाली आणि सिलिंडर सोडायला लागली. बस्स, एवढंच!

मी उसळलेच. "का हो? बरं वाटत नाही का? काही बिघडलंय का?"

"आई! विचारायचं नसतं."

"अगं, तुझा शेवटचा चान्स, आणि साधं कारणही नको?"

"नको. रूल आहे. कोणीही, कधीही नको म्हणू शकतो. कारण द्यायला लागलं ना, तर माणूस आधी बघणार, माझा कारण पुरेसा मोठा आहे का. तेवढ्यात लोक मरतात, आई."

सामान वाहताना ती रडत होती. मी बघितलं ना. पण कॉलिनकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही, उलट थर्मासमधली पहिली कॉफी त्यालाच दिली. माझ्या छातीवरचा धोंडा तिथेच उतरला. एवढी आस लागलेली गोष्ट जी एका शब्दावर सोडते, ती पोर पाण्याखालूनही मागे फिरेल.

परत येताना मोटरवेवर मी विचारलं, "तू कधी म्हणालीस का गं, नको म्हणून?"

"खूपदा. लास्ट मंथ वेल्समध्ये आतून फिरले."

"आणि मला बोलली नाहीस?"

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तू विचारत बसली असती, का फिरले."

'का' अगदी ओठांवर आला होता. फार जड गेलं हो, पण गिळला.

"बरं केलंस," मी म्हटलं.