टिकटिकच्या मापाचा फ्रॉक

पैज लागली ती गाठीवरून. शिंपीमास्तरांच्या उजव्या तर्जनीवर जांभळी गाठ उठली होती. मलमाला ती भीक घालत नव्हती, आणि आता मनगटाकडे तिची पिल्लंही निघाली होती.

"सुई टोचलीय, दुसरं काय?" मास्तर म्हणाले.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दोस्ताला सगळी गल्ली टिकटिक म्हणायची. त्याच्या दुकानात माशांची टाकी होती. तो म्हणाला, "सुईचं नाही, माझ्या टाकीचं आहे ते. मेलेला मासा काढायला खरचटलेल्या बोटानं हात घातलास. जाळी देत होतो, तर म्हणालास, जाळी बायकांना शोभते."

"स्वतःच्याच माशांवर आळ? लाव पैज."

"लावली. हरेल त्यानं फ्रॉक घालून गल्ली झाडायची."

मास्तरांनी लगेच टिकटिकच्या पोटाला टेप लावली. "दोन टेपा जोडाव्या लागणार, लेका." फुलाफुलांचं कापड पसरलं, आणि पहिल्याच कापाला बोट असं ठणकलं की कात्री खाली पडली. मास्तरांचं हसू आटलं. बोट गेलं तर धंदाच गेला.

इस्पितळात टिकटिक सोबत गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय लागलं होतं?"

"सुई," मास्तर म्हणाले.

"बाई, हा माझ्या माशांच्या टाकीत हात घालून बसला होता. पैज हरेल म्हणून बोलत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं सांगितलंत. हल्ली असे पेशंट येतात, पण टाकीचं नाव कोणी काढत नाही. त्या पाण्यातल्या जंतूला गारवा लागतो. तपासणीत नेहमीच्या उबेत ठेवला तर तो वाढतच नाही, आणि आम्ही भलतंच औषध देत बसतो."

बाईंनी गाठीचा तुकडा काढून तपासणीला नेहमीपेक्षा कमी उबेत ठेवला. काही आठवड्यांनी जंतू उगवला.

"म्हणजे मी हरलो," मास्तर म्हणाले. "आणि बोट?"

"बोट राहील. गोळ्या मात्र महिनोन्‌महिने घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत."

मास्तरांनी टिकटिकचा हात धरला तो सोडायलाच विसरले.

गाठ विरली. बऱ्या बोटानं मास्तरांनी पहिला शिवला तो तोच फ्रॉक. झालर लावून गल्लीत उतरले, तर आत आणखी एक मास्तर मावला असता.

"मास्तर, माप चुकलं?" वरच्या वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

"माप बरोबर आहे वहिनी, माणूस चुकला."

झाडत झाडत ते टिकटिकच्या दारापुढे आले. तिथे दोनदा झाडलं.

"एकदा पुरे की," टिकटिक म्हणाला.

"एकदा पैजेचं," मास्तर झालर सावरत म्हणाले. "दुसरं माझं."