वेलीचं माप

उभ्या आयुष्यात मास्तरांनी कुणाचं कापड बिघडवलं नव्हतं. दुकान बंद करून शिवणयंत्र घरी आणलं, तरी लोक त्यांना मास्तरच म्हणत. म्हणूनच सून कामासाठी महिनाभर परगावी निघाली आणि मागच्या अंगणातली द्राक्षाची वेल तिने त्यांच्या हवाली केली, तेव्हा त्यांना मानही वाटला आणि धडकीही भरली.

वेल कसली, पेन्सिलीएवढी काडी. पण ती सुनेच्या माहेरच्या वेलीची होती. तिचे वडील गेले, घर विकलं, नव्या मालकाने अंगणभर फरशी घातली. उरली ती एवढी काडी.

"बाबा, एकच शेंडा वर जाऊ द्या. बाजूचे फुटवे खुडा. आणि काठीला बांधत जा, वाऱ्याने मोडायला नको," एवढं सांगून ती गेली.

मास्तरांनी फारच मनावर घेतलं. सुतळीच्या ओबडधोबड गाठी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. कोटाच्या अस्तराच्या पट्ट्या कापून त्यांनी वेल आणि काठी मिळून माप घेतलं, आणि प्रत्येक पट्टी सुईने दुहेरी टाका घालून जागच्या जागी शिवून टाकली. कुठे झोळ नाही की सुरकुती नाही.

"अहो, वेलीला बाह्या शिवल्यात की काय?" त्यांची बायको दारातून म्हणाली. "आता गुंड्या तेवढ्या लावा!"

"तू फिटिंग बघ, फिटिंग."

वेल जोरात वाढली. पण महिना सरत आला तसा शेंडा मान टाकायला लागला. पानं पिवळी पडली. मास्तरांनी पाणी वाढवलं, मग कमी केलं. शेवटी चष्मा पुसून ते वेलीशेजारी उकिडवे बसले. सगळ्यात खालची पट्टी खोडात रुतली होती. तिच्या वर खोड सुजलेलं. त्यांनी एकेक टाका उसवला. पट्टी सुटली, पण सालीवर काळा वळ होता, सगळीकडून गोल.

लहान मुलांचे कपडे शिवताना ते न विचारता दोन बोटं कापड आत दुमडून ठेवत. "वाढत्या अंगाचं आहे, वहिनी," हे वाक्य तर त्यांच्या तोंडात बसलेलं. आणि वेलीला मात्र त्यांनी थोराचं माप लावलं होतं.

"कीड लागली म्हणा," बायको हळूच म्हणाली. "ती काय उसवून बघणार आहे?"

सून आली ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता थेट अंगणात गेली. मास्तर मागोमाग.

"मी घट्ट शिवली, पोरी. वाढेल हे ध्यानातच आलं नाही."

ती वळावरून बोट फिरवत राहिली. रागावली असती तरी त्यांना हलकं वाटलं असतं.

"वळाखाली दोन डोळे जिवंत आहेत, तिथून फुटेल," ती अखेर म्हणाली. "त्यांच्या वर कापावं लागेल. कात्री आणा."

"तू काप."

"माझ्याने नाही होणार, बाबा. ते घर विकताना सगळं मीच तोडलं."

"कापड चुकलं तर ठिगळ तरी लावता येतं गं."

"ठिगळ नकोय मला. कापा तुम्ही."

मास्तरांनी कापलं. वीतभर काडी उरली. त्यानंतर ते अंगणात जाईनासे झाले. खिडकीतून बघत, तेही कुणी बघत नसताना.

एका सकाळी सुनेची हाक आली. "बाबा, बाहेर या! सुई-दोरा मात्र घरातच ठेवा."

वरचा डोळा फुटून हातभर कोवळा शेंडा झाला होता, काठीपासून लवलेला. मास्तरांनी अस्तराची एक मऊ पट्टी घेतली, वेल आणि काठी यांच्यामध्ये तिला पीळ दिला आणि गाठ काठीच्या अंगाला मारली. सुनेने त्या फासात बोट घातलं. ते सहज फिरलं.

"ढगळ झालंय की, मास्तर!"

"वाढत्या अंगाचं आहे," ते म्हणाले. पण तिच्याकडे बघायला काही त्यांना धीर झाला नाही. आणि तिने बोट कितीतरी वेळ तसंच आत ठेवलं.