रिकामं माप

धूलकोटच्या त्या माळावर औषधालासुद्धा झाड नव्हतं, म्हणून मृणाल त्या दिवशी बोअरच्या अगदी शेजारी उभी राहिली. एरवी ती उभी राहिली नसती. इंजिनिअरने रॉडवर डोळा ठेवून स्वतः ठोके मोजायचे असा नियम आहे; पण नियम लिहिणाऱ्यांनी आमच्याकडचं एप्रिलचं ऊन खाल्लेलं नसतं. ती आपली झाडाखाली बसायची आणि यादवकाका पुकारतील तो आकडा लिहायची.

काकांचा आवाजही तसाच होता, दोन शेतं ओलांडून जाणारा. साठीचे यादवकाका आधी बुऱ्हाणपूरच्या मंडीत तुलावटी होते. कापूस तोलायचे, धान्य तोलायचे, आणि प्रत्येक माप मोठ्याने पुकारायचे. सहा वर्षांपूर्वी ते माती तपासणाऱ्या या लहानशा लॅबमध्ये लागले, पण मंडीची रीत काही सुटली नाही. तिथे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. काका घणाच्या पहिल्या ठोक्यालाही लाभच म्हणायचे. लाभ, दोन, तीन, चार. लॅबमध्ये सगळे हसायचे, आणि वर्षभरापूर्वी नोकरीला लागलेली मृणाल लाभच्या जागी एक लिहून मोकळी व्हायची.

काम तसं सरळ. जमिनीत भोक पाडायचं, त्यात रॉड सोडायचा, रॉडवर खडूने सहा-सहा इंचांच्या खुणा करायच्या आणि तिवईवरून दोरीने ओढलेला त्रेसष्ट किलोचा घण त्याच्या डोक्यावर पाडत राहायचं. रॉड सहा इंच जायला जितके जास्त ठोके, तितकी जमीन कडक. इमारतीचा पाया कसला आणि किती खोल घ्यायचा, ते या आकड्यांवरून ठरतं.

तर त्या सकाळी काकांनी घण नुसता रॉडवर टेकवला आणि रॉड आपला आपण हातभर खाली गेला. एकही ठोका न पडता. काका काही बोलले नाहीत. त्यांनी ओल्या फडक्याने जुन्या खुणा पुसल्या, रॉड थांबला होता तिथून नव्या केल्या आणि दोरीवाल्यांना हाक दिली, “हां, ओढा रे. लाभ!”

“थांबा, थांबा!” मृणाल पुढे झाली. “काका, रॉड आत्ता आपोआप गेला ना? मग सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगू बेटा? ठोका त पडलाच नै.”

“म्हणून तर शून्य म्हणायचं!”

काकांनी कानाला हात लावला. “रिकामं माप पुकारत नसतात माय. बरकत जाते. भरलं त बोलायचं, रिकामं असलं त गुमान पुढं जायचं. चाळीस वर्षं हेच केलं म्या.”

मृणालने वही मिटली. खाली पोकळ जमीन असेल तर आपल्याला कळावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप, आणि हा माणूस नेमकी पोकळ जागा तेवढी गिळत आला होता. “काका, असं आधी कुठे झालं?” तिने विचारलं खरं, पण उत्तर नकोच होतं तिला.

“तिथं झालं ना, आपल्या दवाखान्याच्या जागेवर. ते तिसरं भोक, निंबाखालचं. सहा मीटरवर शेवटची मोजणी होती. घण ठेवला, त रॉड सरकन गेला. मंग लागली कडक जमीन. तुले सांगितलेच ना अकरा ठोके.”

अकरा. मृणालने ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, पलीकडच्या झाडाखाली बसून. त्या अकराच्या जोरावर अहवाल झाला होता: वरची काळी माती काढा, दोन मीटरवर कडक पिवळी माती आहे, साधे फुटिंग, म्हणजे उथळ पाया, पुरे. खाली तिची सही होती. ती जागा बुऱ्हाणपुरात, लालबागच्या बाजूला. तिथे शेकडो वर्षांपूर्वी खणलेल्या पाण्याच्या भुयारी वाटा जमिनीखालून कुठून कुठे जातात ते आज कोणी धड सांगू शकत नाही. आणि त्या फुटिंगांमध्ये काँक्रीट पडायचं होतं आज, साडेअकराला. घड्याळात साडेदहा वाजले होते.

“सागर, गाडी काढ!”

ड्रायव्हर सागरने तिचा चेहरा पाहिला आणि का म्हणूनही विचारलं नाही. गाडीत मागे पाच-सहा रॉड पडले होते, ते तसेच. काका धावत येऊन चढले. तिवई आणि दोरीवाले माळावरच राहिले.

रस्ताभर मृणाल फोन लावत होती. ठेकेदार धर्मेंद्र उचलत नव्हता. साइटवर मशीनच्या धडधडीत त्याला ऐकूच येत नसणार. लॅबचे मालक निरंजन सर इंदूरला होते. त्यांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “नक्की असल्याशिवाय कोणाजवळ काही बोलू नकोस. मी संध्याकाळी येतो, मग पाहू.” संध्याकाळी! काँक्रीटने भरलेला मिक्सर ट्रक म्हणजे पंचवीस-तीस टनांचं धूड. ते उभं राहणार कुठे? आखणी तिला पाठ होती. ट्रक मागे घ्यायला जागा एकच होती, निंबाजवळ. आणि त्याला लागूनच तो खड्डा, ज्यात लोखंड बांधायला माणसं उतरलेली असतात. त्यांत विमलबाई असणार. माती तपासायला गेले होते तेव्हा तिने आपल्या डब्यातली भाकरी मृणालला दिली होती, वर ठेचा, आणि म्हणाली होती, “खा व माय, तुह्या अंगात मासच नै.”

पुढे केळीचे दोन ट्रक रेंगाळत चालले होते. सागर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. काका मागे रॉड पायाने दाबून बसले होते. त्यांच्या ध्यानात सगळं आलं होतं बहुतेक.

ते पोचले तेव्हा मिक्सर मागे येत होता. मृणाल चालत्या गाडीतूनच उतरली आणि धडपडत पळाली. निंबाजवळ येऊन ती थांबली. महिनाभरापूर्वी त्यांनी तिसरं भोक माती ठासून काठोकाठ बुजवलं होतं. ती माती आता नव्हती. तिथे काळं, उघडं, थाळीएवढं तोंड होतं. त्यातली माती खाली कुठेतरी निघून गेली होती. ट्रकचं मागचं चाक त्यापासून चार हातांवर होतं आणि जवळ येत होतं. खड्ड्यात सात माणसं वाकून तार पिळत होती. लाल पदर विमलबाईचा.

“थांबवा! ट्रक थांबवा! सगळे वर या!” आवाज आपला आहे हे तिलाच पटेना.

ड्रायव्हरने ब्रेक मारला. तेवढ्या हिसक्याने भोकाच्या कडेचं एक ढेकूळ सुटलं आणि आत गेलं. ते पडल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. आला तो पाण्याचा आला.

धर्मेंद्र तरातरा आला. “अरे मॅडम, काय लावलं हे? माल येऊन गेला ना! सेट झाला त कोण भरेल? आणि रिपोर्ट त तुमचाच आहे, सही पण तुमची!”

मृणालला वाटलं, म्हणावं सर येतील, सर सांगतील. नोकरी जाणार हे दिसत होतं. पुढे कुठे उभं करणार नव्हतं कोणी. पण खड्ड्यातून विमलबाई वर पाहत होती, हातात तारेचं वेटोळं धरून.

“रिपोर्ट चुकलाय, भाऊ,” ती म्हणाली. “माझा चुकलाय. मी रॉडजवळ उभी नव्हते. खाली पोकळ आहे. आधी माणसं वर घ्या, मग काय बोलायचं ते बोला.”

धर्मेंद्र भोकाकडे पाहू लागला. त्याचाही रंग उतरला. “ए, निकलो सब! चलो, चलो, ऊपर!” ट्रक हळूहळू पुढे सरकत रस्त्याला लागला. विमलबाई सगळ्यांत शेवटी वर आली, कारण ती चप्पल शोधत बसली होती. मृणालने तिचा दंड धरला तो सोडलाच नाही.

“कायले रडतीस व?” विमलबाईने विचारलं. तिला अजून काहीच कळलं नव्हतं.

“पण नक्की ना मॅडम?” धर्मेंद्र कपाळ पुसत म्हणाला. “मालकाले दाखवायले काहीतरी लागेल.”

काकांनी रॉड आणले. भोकावर फळी आडवी टाकली, तिच्यावर पोटावर पडले आणि एकाला एक जोडत चार रॉड आत सोडले. पाचवा जोडला. सहा मीटरच्या खुणेवर रॉड पाण्याशिवाय कशालाच टेकत नव्हता. काकांनी पाना सैल केला, आणि सगळा रॉड सरसर खाली गेला.

मृणालने वही उघडली. “पुकारा, काका.”

काकांनी पडल्या पडल्याच कानाला हात लावला. दोन शेतं ओलांडणारा तो आवाज त्यांनी आवरला. मग अगदी हळू, जवळच्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, “शून्य.”

तिने लिहिलं. वेळ लिहिली, सही केली.

माणसं सावलीत पाणी पीत होती. काका निंबाला टेकून बसले होते, हाताला लागलेला चिखल तसाच. मृणाल त्यांच्यासमोर बसली. विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण धूलकोटला अर्धंच विचारून ती पळाली होती, हे तिला वाटेतच कळलं होतं.

“काका, मी तर वर्षभरच आहे. तुम्ही सहा वर्षं पुकारताय. असा गुमान गेलेला रॉड अजून कुठे कुठे होता?”

काका समोर गावाकडे पाहू लागले. उन्हात गच्च्या, टाक्या, नव्या इमारतींचे रंग दिसत होते. त्यांनी उजवा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला, मंडीत ठेवत तसा. मृणालने वहीचं कोरं पान काढलं आणि पहिला शब्द ‘लाभ’च येणार असं धरून वाट पाहू लागली.

“एक,” काका म्हणाले. “पोरींची शाळा.”

अंगठा दुसऱ्या पेरावर सरकला.