वाकड्या टोकाचा ओळंबा

माझं टोक जरा वाकडं आहे, मित्रांनो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की लपवलं. लपवालपवीने आमचं फार नुकसान झालं आहे.

मी पितळेचा एक जुना ओळंबा, दोरीला लटकून भिंत-खांब सरळ आहेत का ते दाखवणारा. बार्सिलोनातल्या एका ओताऱ्याने मला घडवलं, आणि जोफ्रे नावाच्या तरुण वास्तुकाराला त्याच्या गुरूने मला भेट म्हणून दिलं. त्याच वर्षी जोफ्रेने डोंगरातल्या वालरोका गावाच्या चर्चचं काम हाती घेतलं. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. कुणी लग्नाचं काढलं की म्हणायचा, "आधी छत होऊ दे." छत काही होईना. खाणीतला चांगला दगड संपला, मध्येच युद्ध झालं, त्याचे केस पिकले, तरी तो गाव सोडून गेला नाही. खांब सरळ आहे की नाही हे तो फक्त माझ्याकडून बघायचा. दुसऱ्या ओळंब्यावर त्याचा विश्वासच नव्हता. मीसुद्धा त्या कौतुकाने अगदी फुगून गेलो होतो!

आमच्या कामावर एक रीत होती. ओळंबा ज्याच्या हातून पडेल, त्याने तिथल्या तिथे "पडला!" असं ओरडायचं. मग काम थांबायचं, ओळंबा तपासला जायचा, आणि पाडणाऱ्याने संध्याकाळी सगळ्यांना वाइन पाजायची.

मुख्य गवंडी मार्साल हा जोफ्रेचा लहानपणापासूनचा मित्र. उत्तरेकडचा शेवटचा खांब उभारायला घेतला, त्या दिवशी मी त्याच्या हातून निसटलो आणि टोकावर आपटलो. आदल्याच दिवशी त्याने हातोडा पाडला होता. "हाताला तेल लावून आलास का रे?" म्हणून सगळे पोट धरून हसले होते. मार्सालने इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने मला उचललं, बाहीला पुसलं आणि गप्प बसला. मी तरी काय करणार, मला कुठे तोंड आहे! खांब चढत गेला आणि दर थराला केसभर बाहेर झुकत गेला.

त्यानंतर एकोणीस वर्षांनी दगडी छत पुरं झालं. आता खालचे लाकडी टेकू काढायचे होते. टेकू निघताना वास्तुकाराने छताच्या बरोबर खाली उभं राहायचं, ही तिकडची जुनी पद्धत. जोफ्रे चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. "साहेब, बाहेरून बघा ना," एक गवंडी म्हणाला.

"आणि छताने विचारलं, म्हातारा कुठे पळाला, तर?" जोफ्रे म्हणाला आणि काठी टेकत मधोमध जाऊन उभा राहिला. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. त्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती.

टेकूंखालच्या पाचरी ठोकून काढायला मार्सालच होता. पहिली पाचर निघाली. दुसरी निघाली. वरून चिमूटभर चुना जोफ्रेच्या टोपीवर गळला. तो हलला नाही. तिसऱ्या पाचरीवर मार्सालने हातोडा उगारला, आणि तो हात तसाच वर राहिला.

"पडला!" मार्साल ओरडला.

सगळे एकमेकांच्या हातांकडे बघू लागले. ओळंबा तर साहेबांच्या खिशात!

"काय बरळतोस?" जोफ्रे म्हणाला.

"तुझा ओळंबा. माझ्या हातून. हा खांब उभारताना." मार्साल म्हणाला. "लाज वाटली रे मला. तू आधी बाहेर ये, मग काय मारायचं ते मार."

जोफ्रेने मला बाहेर काढलं, माझ्या टोकावरून अंगठा फिरवला. मग दुसरा ओळंबा मागवला. आयुष्यात पहिल्यांदाच! खांब दोन बोटं बाहेर झुकला होता.

"पाचरी परत ठोका," तो म्हणाला. "बाहेरून आधारभिंत घालायची. तीन वर्षं लागतील." मग मार्सालकडे वळला. "वाइन तू पाजायचीस. सुटला नाहीस."

हसला तो, पण रात्रभर त्याने मला मुठीत धरून ठेवलं होतं. तीन वर्षं आपल्याजवळ नाहीत, हे त्याला कळत होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात जोफ्रे गेला. भिंत पुरी झाल्यावर टेकू काढायची वेळ आली, तेव्हा मार्साल मला मुठीत घेऊन छताखाली उभा राहिला. "ही जागा माझी," एवढंच म्हणाला. शेवटची पाचर निघाली. छत कुरकुरलं, नखभर खाली बसलं आणि थांबलं. मार्साल लहान मुलासारखा रडला. त्या संध्याकाळी त्याने सगळ्या गावाला वाइन पाजली आणि एक पेला त्या खांबाच्या पायाशी ओतला.

घंटेचा मनोरा अजून व्हायचाच आहे. मी त्याच खांबावर खिळ्याला लटकतो. वर्षानुवर्षं कुणी पुसतसुद्धा नाही. त्याचं मला काही नाही. मित्रांनो, हातून काही पडलं तर लगेच ओरडा. लोक हसतील, हसू द्या. जोफ्रेला ते छत टेकूंशिवाय उभं राहिलेलं बघायचं होतं, आणि त्याला एकच वर्ष कमी पडलं. ते वर्ष माझ्या वाकड्या टोकाने खाल्लं.