दोन ट्रॉम्बोनांची एक खोळ

मी बोलतेय ती घाटकोपरच्या भटवाडीतून, एका लोखंडी खाटेखालून. मी एक खोळ. उशीची नाही, गादीची नाही, दोन ट्रॉम्बोनांची. वरातीत ती लांबलचक पितळी नळी पुढेमागे सरकवत वाजवतात ना, तोच ट्रॉम्बोन. तुम्ही पाहिलाय, फक्त नाव विचारलं नसेल. वरातीत लोक नवरा बघतात, घोडा बघतात. ट्रॉम्बोनवाल्याकडे बघतात ते त्याची नळी आपल्या पाठीत बसू नये म्हणून.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा, कुर्ल्याचा. तिथे नंदकिशोर नावाचा कारागीर रिक्षांचे हुड शिवायचा. त्यातल्याच काळ्या रेग्झिनमधून त्याने मला कापलं. त्यामुळे माझी सख्खी भावंडं रिक्षांच्या डोक्यावर बसून सगळी उपनगरं हिंडतात आणि ऊन खातात. मला निदान पोटात काही जपायला मिळालं.

मला शिवण्याआधी मात्र बरीच भवति न भवति झाली. माझे मालक दत्ताराम, मालवणकडचे. गिरणीत होते, तिथल्या कामगारांच्या बँडात ट्रॉम्बोन शिकले. संपात गिरणी सुटली, बँड तेवढा हाताशी राहिला. सहदेव हा त्यांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, म्हणजे सुगंधाबाईंचा धाकटा भाऊ. त्याला दत्तारामांनीच वाजवायला शिकवलं होतं. दोघं अण्णांच्या बँडपार्टीत होते आणि दोघांच्याही जुन्या खोळींची लक्तरं झाली होती. म्हणून सुगंधाबाईंना घेऊन तिघं कुर्ल्याला आले.

दत्तारामांना दोन वेगळ्या खोळी हव्या होत्या. सहदेवाला दोघांची एकच हवी होती.

“एका म्यानात दोन तलवारी राहतत काय रे?” दत्ताराम म्हणाले.

“तलवारी कसल्या, भावोजी? आपले भोंगे ते! मी खांद्याला मारतो, तुम्ही मोकळ्या हातांनी चला ना.”

दोघं वाद घालत बसले. तोवर सुगंधाबाईंनी दुकानातल्या एका तयार पिशवीची चेन दोनदा ओढून पाहिली, पट्टा खांद्याला लावून पाहिला आणि नंदकिशोरला विचारलं, “एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, असं झोपवलं तर वजन सारखं बसेल ना? आणि मधे काय घालणार?”

“पुठ्ठा घालतो ना, वहिनी.”

“पुठ्ठा नको. दोन दिवसांत मोडेल. नळीला एक पोचा आला की वाद्य गेलं.” असं म्हणून त्यांनी पिशवीतून एक गोधडी काढली. गिरणीच्या चिंध्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली. “ही घाला मधे.”

म्हणजे बघा, गोधडी घरूनच आली होती. एकच खोळ करायची, हेही घरीच ठरलं होतं. दुकानात फक्त पुरुषांना बोलू दिलं.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ट्रॉम्बोन फुंकला की श्वासाची वाफ आत गार होते आणि तिचं पाणी होतं. नळीच्या टोकाशी एक चावी असते, ती दाबली की ते गळून जातं. पण कितीही गाळा, थोडं आत राहतंच, आणि ते माझ्या अस्तरात आणि गोधडीत मुरतं. लग्नसराईत माझी दोन्ही अंगं ओली असायची, डावं दत्तारामांचं, उजवं सहदेवाचं. सकाळी सुगंधाबाई मला उघडून गॅलरीत उन्हात टाकायच्या. त्या ओलीचा मला फार अभिमान होता, कारण ती माणसांच्या दमाची होती.

दीडेक वर्षाने माझं डावं अंग कोरडं राहायला लागलं. एक वरात, दोन वराती, कोरडंच. आधी वाटलं, मालक आता नीट पाणी गाळायला शिकले. मग कारण कळलं. दत्तारामांचे वरचे पुढचे दोन दात हलत होते. भाकरी कालवणात बुडवल्याशिवाय तोंडात जाईना. डॉक्टर म्हणाले, काढावेच लागतील. आणि ट्रॉम्बोन ओठांनी वाजतो खरा, पण ओठांना मागून टेकू दातांचाच लागतो. दात गेले की रांगेतली जागा गेली. मग दत्तारामांनी ते काढणं टाळलं; हलत्या दातांवर दाब नको म्हणून नुसते गाल फुगवायचे आणि हात पुढेमागे करायचे. ताशाच्या दणदणाटात कोणाला काय कळतंय! मला त्यांचा राग नाही आला. गिरणी सुटली तेव्हा तो माणूस एकदा रिकामा बसला होता. पुन्हा तसं बसायची त्यांना भीती वाटत होती.

पण अण्णांची एक खोड होती. वरात संपली की ते एकेकाला चावी दाबून पाणी दाखवायला लावायचे. “पाणी नाही म्हणजे फुंकलं नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी धास्तावले होते.

आणि तेवढ्यात एक नवल घडलं. माझी दोन्ही अंगं पुन्हा ओली होऊ लागली, पण अर्धी अर्धी. वरातीत मधे चहाला थांबलं की दोन्ही वाद्यं माझ्यात ठेवत. उचलताना सहदेव गुपचूप अदलाबदल करायचा. स्वतः फुंकलेला ट्रॉम्बोन भावोजींच्या हातात द्यायचा आणि त्यांचा कोरडा आपण घेऊन वाजवायचा. दोन्ही गिरणीच्या बँडातलेच, जुळ्यांसारखे. ओळखू येणार कसे? वरात संपली की, “भावोजी, तुम्ही चहा घ्या, मी वाद्यं आवरतो,” म्हणून दोन्ही वाद्यांचं पाणी हाच अण्णांपुढे गाळायचा. दत्तारामांना वाटायचं, आपल्या वयाकडे बघून अण्णा सोडून देतात.

मग बोरिवलीला एक सर्कस आली. तिच्या बँडाला ट्रॉम्बोनवाला हवा होता. रोजचं काम, गावोगावचं फिरणं. सहदेव लहानपणापासून हेच मागत होता. त्यांनी त्याला ऐकलं आणि या म्हणाले. हा नाही म्हणून आला. सुगंधाबाई त्याच्यावर उखडल्या. “वेड लागलंय तुला?” तो माझ्या पट्ट्याचा सुटलेला धागा दाताने तोडत बसला.

पुढच्याच आठवड्यात मुलुंडला वरात होती. ती संपली आणि नवरीचा मामा सहदेवाला पान खायला ओढून घेऊन गेला. अण्णांनी हाक मारली, “दत्ताराम, आज तूच दाखव रे.”

दत्तारामांचा चेहरा उतरला. मी तिथेच फुटपाथवर उघडी पडले होते, सगळं पाहत होते. त्यांनी चावी दाबली. आणि नळीतून पाणी आलं. चांगलं चुळकाभर, रस्त्यावर.

“झकास,” म्हणून अण्णा पुढच्याकडे वळले.

दत्ताराम त्या ओल्या डागाकडे बघत उभे राहिले. चार महिन्यांत त्यांनी एक सूर फुंकला नव्हता. मग हे पाणी कुणाचं, हे कळायला त्यांना फार वेळ लागला नाही. सर्कशीला नकार का गेला, तेही तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर त्यांनी सहदेवाला समोर बसवलं. “सहदेवा, माझा पाणी तू किती दिवस गाळतलंस?”

सहदेव खाली बघत म्हणाला, “तुम्हीच शिकवलंत ना भावोजी. एकाचा दम गेला की शेजारच्याने सूर धरायचा.”

“सूर धर म्हटलंय. जल्मभर धर म्हणाक नाय होतंय.” त्यांनी दाराकडे बोट केलं. “जा. सर्कस हलली नाय हा अजून.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः अण्णांकडे गेले, खरं काय ते सांगितलं आणि रांगेतली जागा सोडून आले. सहदेव निघाला तेव्हा म्हणाले, खोळ घेऊन जा. तो म्हणाला, “नको. दोघांची आहे ती. इथेच राहू दे, मी येईन.” आपला ट्रॉम्बोन एका जुन्या चादरीत गुंडाळून तो गेला.

दत्तारामांनी दात काढले, कवळी बसवली. आपला ट्रॉम्बोन मात्र माझ्यात ठेवला नाही, खुंटीला टांगला. म्हणाले, “खोळीत वाद्य जातं ते वाजवून आल्यावर.” दोन वर्षं मी रिकामी होते. शेजारच्या वनमालाबाई सुगंधाबाईंना म्हणाल्या, “अगं, हिला मधून काप, दोन मस्त पिशव्या होतील.” सुगंधाबाईंनी मला खाटेखाली आणखी आत सरकवलं. मी तिथून रोज संध्याकाळी ऐकायचे. आधी नुसता वारा यायचा. मग फुसफुस. कवळी एकदा सुटून नळीच्या तोंडात अडकली तेव्हा नवराबायको दोघं पोट धरून हसले, आणि मग दत्तारामांनी ट्रॉम्बोन खुंटीला टांगून टाकला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा फुंकायला बसले.

आज सर्कस मुलुंडला आली आहे. सहदेव दुपारी घरी आला, चांगला भरलाय अंगाने. चहा झाल्यावर दत्तारामांनी खुंटीवरचा ट्रॉम्बोन काढला. दोघं गॅलरीत उभे राहिले आणि वाजवलं. भावोजींचा सूर मधे दोनदा तुटला. सहदेवाने धरला नाही. थांबला, आणि त्यांना स्वतः पुन्हा उचलू दिला. वनमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पिशव्यांचं काही बोलल्या नाहीत.

मग सुगंधाबाईंनी मला बाहेर काढून झटकलं. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, मधे गोधडी.

आता मी पुन्हा खाटेखाली आहे. माझं उजवं अंग ओलं आहे, ते सहदेवाचं. डावंही ओलं आहे, आणि ही ओल कुणी उसनी दिलेली नाही. सुगंधाबाई, तुमची सवय मला ठाऊक आहे. उद्या सकाळी उठल्याबरोबर मला गॅलरीत नेऊन वाळत घालाल. एवढं एक ऐका माझं. उद्याचा दिवस मला उन्हात टाकू नका.